कार्ने म्हणजे काय रे भाऊ?

काल एकादशी होती. आमच्या घरी, म्हणजे द्वारकेला (नाशिकची द्वारका बरं का, कृष्णाची नव्हे. आमच्याकडे समुद्राच्या जागी मुंबई-आग्रा रस्ता आहे आणि लाटांच्या जागी हॉर्न), आईने सकाळीच साबुदाण्याची खिचडी टाकली होती. उपास फक्त आईचा, खिचडी मात्र सगळ्यांना. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आमच्याच घरात जन्माला आली असावी असा मला दाट संशय आहे. तर ती खिचडी खाता खाता मेक्सिको आठवलं, आणि बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला हा लेख एकदाचा लिहायला घेतला.

दोन वर्षांपूर्वी हापिसने मला सात महिन्यांसाठी मेक्सिको सिटीला पाठवलं. तेव्हा मी पुण्यात होतो. जायचं नक्की झाल्यावर तीन महिने वीकांताला स्पॅनिशचा क्लास केला. आमच्या सरांचं स्पॅनिश अर्जेंटिनात शिकलेलं होतं (हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). पहिल्याच आठवड्यात मी एक वाक्य घोटून पाठ केलं: 'सोय बेहेतारियानो'. मी शाकाहारी आहे. लिहिताना 'व', बोलताना 'ब'. म्हटलं, एवढं आलं की पोटाचा प्रश्न मिटला.

पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये ते वाक्य ऐटीत फेकलं. काउंटरमागच्या बाईंनी प्रेमाने मान डोलावली आणि ताटात कोंबडी वाढली. मी म्हटलं, 'सिन कार्ने, सेन्योरा', मांस नको. त्या म्हणाल्या, हे कार्ने नाही, पोयो आहे! दुसऱ्या दिवशी सॅलडमध्ये हॅमचे तुकडे निघाले. तेही कार्ने नाही, ते 'हामोन', आणि अगदी चवीपुरतं. तिसऱ्या दिवशी मासा. त्या बाईंना माझी चेष्टा करायची नव्हती. त्यांच्या भाषेत मी जे मागत होतो तेच त्या देत होत्या.

शब्दकोशात 'कार्ने' म्हणजे मांस. बोलीत मात्र बहुतेक वेळा त्याचा अर्थ गाईगुरांचं, फार तर डुकराचं मांस. बाजारातही दुकानं वेगळी: 'कार्निसेरिया', 'पोयेरिया', 'पेस्कादेरिया'. म्हणजे आपल्याकडे जसं मटणवाला वेगळा, चिकन सेंटर वेगळं आणि मासळीबाजार वेगळा. आता समजा, एखाद्या परदेशी माणसाने आपल्याला मराठीत सांगितलं की 'मी मटण खात नाही', तर आपणही त्याला विचारूच की, मग चिकन चालेल ना? तसंच हे.

पण माशाचं कोडं दुकानांनी सुटत नाही. त्यासाठी चर्चमध्ये जावं लागतं.

कॅथॉलिक पंचांगात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो, स्पॅनिशमध्ये 'कुआरेस्मा'. त्या काळात आणि एरवी शुक्रवारी मांस वर्ज्य असे, पण मासे चालत. जुन्या काळी अंडी आणि दूधदुभतंही बंद असे. कुआरेस्मा सुरू होण्याआधी जे काही खायचं-प्यायचं ते उरकून घ्यायचा सण म्हणजे कार्निव्हल. त्या शब्दाची सर्वमान्य व्युत्पत्तीच मुळी 'मांस बाजूला ठेवणे' अशी आहे. पणजीत रस्त्यावर जे नाचगाणं चालतं ते मुळात 'उद्यापासून मांस बंद' याचं! आपण गटारी करतो ती यापेक्षा फार वेगळी आहे का? :)

आणि उपासाच्या बाबतीत पळवाटा शोधण्यात ही मंडळी आपल्या बरोबरीची. स्पेनमध्ये कित्येक शतकं 'बुला दे ला क्रुसादा' नावाचा परवाना विकत मिळायचा. पैसे धर्मयुद्धाच्या नावाने गोळा व्हायचे आणि घेणाऱ्याला उपासाच्या नियमांतून सूट मिळायची. मेक्सिकोतून चॉकलेट स्पेनला पोचलं तेव्हा (ते त्या काळी प्यायचं पेय होतं) मोठा वाद झाला की, चॉकलेटने उपास मोडतो की नाही? अंतोनियो दे लेओन पिनेलो या गृहस्थांनी १६३६ साली माद्रिदमध्ये या एकाच प्रश्नावर अख्खं पुस्तक छापलं. 'उपासाला कोथिंबीर चालते का?' यावर आमच्या आई आणि मावशीचा फोनवर जो वाद चालतो, त्याची ही स्पॅनिश आवृत्ती. 'दॉन किहोते' (१६०५) या कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात नायकाचा आठवड्याचा मेनू दिलाय, त्यात शुक्रवारी मसूर आहेत. शुक्रवार म्हणून मसूर. हे कळलं आणि मला तो म्हातारा एकदम आपल्यातला वाटायला लागला.

थोडक्यात काय, स्पॅनिश भाषेत 'मांस न खाणं' ही कल्पना नवी नाही. तिला चांगली हजार-बाराशे वर्षं झाली असतील. फक्त ती ठरावीक दिवसांची आहे आणि तिच्यात मासे बसतात. उलट 'बेहेतारियानो' हा शब्दच पोरसवदा. इंग्लंडमध्ये व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली १८४७ साली, आणि हा शब्द जगभर पसरला तो त्याच्या आसपास. त्याआधी युरोपात अशा माणसाला काय म्हणायचे? पायथागोरसवाला! तोच तो, काटकोन त्रिकोणाचा. तो आणि त्याचे शिष्य मांस खात नसत अशी ख्याती होती.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यामुळे मी हे सगळं वाचायला लागलो.

माझ्या टीममधल्या एका मुलाने रविवारी घरी जेवायला बोलावलं. त्याच्या आईला माझ्याबद्दल नीट सांगून ठेवलं होतं. बाईंनी खास माझ्यासाठी मक्याच्या तोर्तिया, भाताचा एक प्रकार आणि 'फ्रिहोलेस' म्हणजे घोटलेला राजमा केला होता. राजमा असा खमंग की विचारू नका. मी कौतुकाने विचारलं, यात काय घातलंय? त्या म्हणाल्या, 'मांतेका.' अर्जेंटिनाचं स्पॅनिश शिकलेल्या मला मांतेका म्हणजे लोणी हे पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, वा! मला मांतेका फार आवडते, आमच्या घरी रोज असते! बाई खूश. मला दोनदा वाढलं.

परत येताना मित्राला मी तोंडभरून सांगत होतो तेव्हा तो थबकला. मेक्सिकोत मांतेका म्हणजे डुकराची चरबी. लोण्याला इथे 'मांतेकिया' म्हणतात. तो ओशाळला, कारण त्याच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या घरात राजमा असाच होतो. चरबी हा पदार्थ आहे हेच कुणाच्या डोक्यात नसतं. आपण भाजीत तेल मोजतो का? तसंच.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला ओकलो. खरं तर पोटाला काहीच झालं नव्हतं, दोन तास ते अन्न छान पचत होतं. ओकलं ते डोकं. आणि वाईट म्हणजे ही गोष्ट बाईंपर्यंत पोचली. पुढचे काही आठवडे त्या घरून मला बोलावणं आलं नाही. मित्र म्हणाला, आई रागावलेली नाही, तिला वाईट वाटलंय. तिला वाटतं, तिचं स्वयंपाकघर तुला घाण वाटलं.

हे मात्र लागलं. कारण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तसंच वाटलं होतं.

मग मी मांतेकाच्या मागे लागलो. मेक्सिकोत डुक्कर हा प्राणीच मुळी स्पॅनिश लोकांनी आणलेला. त्यांनी १५२१ मध्ये आस्तेकांची राजधानी जिंकली. त्याआधी तिथल्या लोकांचं रोजचं जेवण म्हणजे मका, घेवड्याच्या जाती, भोपळा आणि मिरची. पाळीव प्राण्यांत खाण्याजोगे टर्की आणि कुत्रा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून पाट्यावर वाटायचा आणि तव्यावर भाजायचा. पाट्याला 'मेताते', तव्याला 'कोमाल'. म्हणजे बाईंच्या त्या राजम्यातली चरबी ही तिथे पाहुणीच होती.

आणि खुद्द स्पेनमध्ये तरी डुक्कर एवढं महत्त्वाचं का? तिथे गोष्ट जरा अंगावर येते. १४७८ मध्ये स्पेनमध्ये इन्क्विझिशन स्थापन झालं. १४९२ मध्ये ज्यूंना सांगितलं, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. पुढे मुसलमानांवरही तीच पाळी आली. धर्म बदललेली माणसं मनातून बदलली आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? ताटावरून. डुकराचं मांस टाळता का? चरबीऐवजी तेलात शिजवता का? शनिवारी चूल का पेटवत नाही? नोकर आणि शेजारी साक्ष द्यायचे. आंद्रेस बेर्नाल्देस नावाच्या त्या काळच्या पाद्र्याने आपल्या बखरीत लिहून ठेवलंय की, हे लोक मांस तेलात शिजवतात म्हणून त्यांच्या घरांना वास येतो. वास! अशा देशात दाराशी हामोन टांगणं ही निव्वळ आवड कशी असेल? तो ओळखपत्राचाही भाग होता.

इथवर वाचल्यावर मला वाटलं, हे सगळं तिकडचं, आपला काय संबंध? संबंध निघाला, तोही थेट नाशिकच्या शेजारी.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज डॉक्टर १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिश्चन झालेले. शिक्षण स्पेनमध्ये, सालामांका आणि आल्काला इथे. तो अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता. मुंबई बेटही त्याच्याकडे भाड्याने होतं. त्याने १५६३ मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवर एक पुस्तक छापलं. सगळं पुस्तक संवादरूपात आहे. एक बोलणारा स्वतः ऑर्ता, आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर, सालामांकाच्या दिवसांतला ओळखीचा, नुकताच बोटीतून उतरलेला आणि सतत प्रश्न विचारणारा.

त्यात हिंगाचं एक प्रकरण आहे. ऑर्ता रुआनोला सांगतो की, इथले लोक औषधात आणि स्वयंपाकात हिंग फार वापरतात. विशेषतः खंबायतचे वाणी आणि पायथागोरसचं अनुकरण करणारे लोक, जे भाज्या खातात. ते आधी भांड्याला हिंग चोळतात आणि मग त्यात भाजी करतात. स्वतः ऑर्ताला हिंगाइतका वाईट वास जगात कशाचा येत नसे, पण तोच हिंग घालून शिजवलेली भाजी मात्र त्याला खटकली नाही, असंही तो प्रांजळपणे सांगतो.

मी हे वाचून खुर्चीत उठून बसलो. साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर कुणीतरी सालामांकाच्या डॉक्टरला 'हे लोक मांस न खाता काय खातात' हे समजावून सांगत होतं. आणि कसं? 'हे खात नाहीत, ते खात नाहीत' अशी यादी न देता, भांडं कसं तयार करतात आणि चव कुठून येते ते सांगून. यातलं बरंच पुढे क्रिस्तोबाल आकोस्ताच्या १५७८ च्या पुस्तकातून स्पॅनिश वाचकांपर्यंत पोचलं.

ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळलं, छुपी ज्यू म्हणून. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं उकरून तीही जाळली. दुसऱ्यांच्या ताटाबद्दल इतक्या कुतूहलाने लिहिणाऱ्या माणसाच्या घरातलं ताट कुणीतरी मोजत होतं. त्याच न्यायालयाने १७३६ च्या हुकुमनाम्यात धर्मांतरित गोवेकरांना ज्या 'हिंदू' चालीरीतींची बंदी केली, त्यात बिनमिठाचा भात शिजवणंही होतं. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात तो हुकूम दिलाय. मिठाच्या चिमटीवरून माणसाची परीक्षा!

असो. फार गंभीर झालं. पण त्या बाईंचं काय केलं, ते सांगतो.

मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाची जी जुनी इमारत आहे, तिच्या भिंतींवर दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ मध्ये चित्रं काढली. त्यातल्या एका चित्रात टेबलाभोवती सगळ्या थरांतली माणसं बसली आहेत आणि मधला सावळा माणूस भाकरी मोडतोय. तो चेहरा आपल्या पांडुरंग खानखोज्यांचा. वर्ध्याकडचा माणूस, गदर चळवळीतला क्रांतिकारक. १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. मक्याच्या आणि गव्हाच्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या, तेही स्पॅनिशमध्ये. चापिंगोला २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसला. एका शनिवारी मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा होतो. वर्ध्याचा माणूस या लोकांच्या टेबलावर मधोमध बसला, तो त्यांचाच मका हातात घेऊन.

तिथून बाहेर पडलो तर कोपऱ्यावर एक माणूस चिक्क्या विकत होता. जवळ जाऊन पाहतो तो राजगिऱ्याची वडी! हुबेहूब, आपल्या उपासाच्या दुकानातली. तिकडे तिचं नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. राजगिरा मूळचा अमेरिकेतलाच. आस्तेक लोक त्याचं पीठ मधात किंवा घायपाताच्या रसात मळून देवांच्या मूर्ती करायचे आणि त्या मोडून प्रसाद म्हणून खायचे. मिशनऱ्यांना ती आपल्या चर्चमधल्या प्रसादाची विटंबना वाटली आणि त्यांनी तो विधी मोडून काढला. वडी तेवढी टिकली.

मग रस्त्यातच उभं राहून मी आईच्या एकादशीच्या ताटाची यादी करायला लागलो. साबुदाणा: दक्षिण अमेरिकेतल्या कसाव्याच्या कंदापासून, आपल्याकडे सेलमला त्याचा धंदा उभा राहिला तो १९४० च्या दशकात. शेंगदाणे: दक्षिण अमेरिका. आस्तेकांच्या भाषेत त्याचं नाव 'जमिनीतला काकाव', आपण म्हणतो भुईमूग. दोघांनी तीच युक्ती केली. हिरवी मिरची: मेक्सिको. बटाटा: पेरू. रताळं: तेही अमेरिकेचंच, आणि गंमत म्हणजे अर्जेंटिनात 'बाताता' मागितलात तर रताळंच मिळेल, आपला शब्द पोर्तुगिजांकडून येता येता कंद बदलून आला. उरलं काय? जिरं, तूप, वरी आणि शिंगाडा. आमच्या घरातला सगळ्यात सोवळा पदार्थ जवळजवळ अख्खा त्या बाईंच्या खंडातून आलेला.

पुढच्या रविवारी मी न बोलावताच त्या घरी गेलो. बरोबर आलेग्रियाचा पुडा आणि घरून आणलेला साबुदाणा. माफी मागितली. आणि या वेळी 'सोय बेहेतारियानो' म्हटलंच नाही. म्हटलं, 'सेन्योरा, आमच्या घरी वर्षभर बिहिलिया असते. आणि मासेही नाहीत.' बिहिलिया म्हणजे त्यांचा बिनमांसाचा उपासाचा दिवस. बाईंनी डोळे मोठे केले. वर्षभर? सगळे दिवस? कुणाचा नवस आहे का? (नवसाला तिकडे 'मांदा' म्हणतात.) मी म्हटलं, आजी-पणजीपासून चालत आलंय. त्या म्हणाल्या, बिचारे! आणि हसल्या. मग आम्ही दोघांनी मिळून खिचडी केली. तिला त्यांनी वरून लिंबू पिळलं आणि दोनदा वाढून घेतली. त्यानंतर मी परत येईपर्यंत त्या घरात रविवारचा राजमा दोन भांड्यांत होत असे.

गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं. पण एक राहिलंय.

द्वारकेला आमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आमचाच आहे, तो भाड्याने देतो. चार वर्षांपूर्वी माझ्या कॉलेजमधल्या एका मित्राला अंबडला नोकरी लागली. मूळचा रत्नागिरीकडचा. मीच त्याला म्हटलं होतं, आमचा फ्लॅट बघ. बाबांनी त्याला चहा दिला, गप्पा मारल्या आणि शेवटी विचारलं, 'व्हेज ना तुम्ही?' तो खरं बोलला. बाबा म्हणाले, 'मग जरा अवघड आहे.' मी तिथेच सोफ्यावर बसलो होतो. काही बोललो नाही. तो हसून निघून गेला. पुढे आमचं बोलणं कमी होत गेलं, आणि मी स्वतःला सांगत राहिलो की, कामामुळे.

यंदा फ्लॅट पुन्हा रिकामा झाला. एजंट आला, त्याचा पहिला प्रश्न तोच. मी बाबांना म्हटलं, या वेळी विचारू नका.

"अरे, विचारायला काय जातं?" बाबा म्हणाले.

"बाबा, मला तिकडे सात महिने रोज विचारत होते. पण त्यावरून मला कुणी घर नाकारलं नाही."

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वास येतो रे."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "वास तर आपल्या हिंगाचाही येतो."

आईने ऑर्ता वाचलेला नाही, हे सांगायला नको.

आता वर एक जोडपं राहतं. रविवारी बांगडा तळल्याचा वास येतो. आई खिडकी लावून घेते. बाबा अजून कुरकुरतात. काल खिचडीचा डबा वर गेला, आणि येताना त्यात ओल्या नारळाच्या वड्या आल्या. बाबांनी आधी हुंगून पाहिल्या, मग तीन खाल्ल्या.

त्या मित्राला मात्र मी अजून फोन केलेला नाही. हे लिहून झालं की करतो.